दगडाची धूळ, सिलिकोसिस आणि कायद्यांची लांब वाट

तुमच्या इमारतीत हे दृश्य तुम्ही कधी ना कधी पाहिले असेल. कोणाच्या तरी घरी स्वयंपाकघराचा ओटा बदलायचे काम निघालेले असते. गच्चीवर किंवा जिन्याखाली एक तरुण उकिडवा बसून हातातल्या कटरने ग्रॅनाइट कापत असतो. सगळीकडे पांढरा धुरळा उडतो. त्याने तोंडाला रुमाल बांधलेला असतो आणि भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. आपण नाकावर हात धरून भरभर पुढे जातो आणि घराचे दार लावून घेतो. आपला त्रास दोन मिनिटांचा. तो मात्र दिवसभर त्याच धुरळ्यात बसतो आणि उद्या दुसऱ्या इमारतीत जाऊन पुन्हा तेच काम करतो.

या धुळीमुळे फुप्फुसांना जो आजार होतो त्याचे नाव सिलिकोसिस. तो पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही. तरीही जगात काही ठिकाणी, दगडकाम चालू असतानाच, हा आजार जवळजवळ नाहीसा झाला आहे. औषध नसताना हे कसे घडले? आणि आपल्याकडे कायदे असूनही ते पुरेसे का घडले नाही? आजच्या लेखात हा इतिहास सांगतो. तुमच्या घरात, शेजारात किंवा गावात कोणी दगडाचे काम करत असेल, तर लेखाचा शेवटचा भाग नक्की वाचा.

ही धूळ वेगळी का?

वाळू, वालुकाश्म, ग्रॅनाइट अशा अनेक दगडांत क्वार्ट्झ नावाचे खनिज असते. त्यालाच स्फटिकी सिलिका म्हणतात. ग्रॅनाइटमध्ये ते साधारण २० ते ४० टक्के असते, वालुकाश्मात त्याहून बरेच जास्त. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, ते फार कमी असते. संगमरवरात जवळजवळ नसतेच. त्यामुळे सगळी धूळ सारखी नसते. धूळ कोणतीही वाईटच, पण क्वार्ट्झची धूळ सर्वांत घातक.

दगड कापताना जी धूळ डोळ्यांना दिसते ती बहुतेक नाकात आणि घशात अडकते. खरा धोका न दिसणाऱ्या कणांचा असतो. साधारण ५ मायक्रॉनहून लहान कण (आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो) थेट फुप्फुसांतल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात. क्वार्ट्झचा कण पचत नाही, उलट त्या पेशीलाच मारतो आणि पुन्हा मोकळा होतो. मग दुसरी पेशी त्याला गिळते आणि तीही मरते. या न संपणाऱ्या झटापटीत आजूबाजूला व्रण तयार होतात, गाठी धरतात आणि मऊ फुप्फुस हळूहळू कडक होत जाते. धुळीचे काम सोडले तरी आत गेलेले कण तिथेच राहतात, म्हणून आजार पुढेही वाढू शकतो. बहुतेकांना तो दहा-वीस वर्षांच्या कामानंतर जाणवतो. धूळ फार दाट असेल तर मात्र काही महिन्यांतही होतो.

पदव्याचे नाही, पण पोटापाण्याचे विचारा

हा आजार नवा नाही. जर्मन खाणतज्ज्ञ अग्रिकोला याचा खाणकामावरचा ग्रंथ १५५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने लिहिले आहे की कोरडी धूळ फुप्फुसे कुरतडते आणि कार्पेथियन पर्वतातल्या खाणींच्या भागात अशा स्त्रिया आहेत ज्यांनी एकामागून एक सात नवरे गमावले. पुढच्या शतकात डिमरब्रुक या डच वैद्याने दम्याने मेलेल्या दगडकाम्यांची फुप्फुसे कापून पाहिली. सुरी जणू वाळूच्या ढिगातून चालली आहे असे त्याला वाटले.

१७०० मध्ये इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या आजारांवर पहिला सविस्तर ग्रंथ लिहिला. त्यात दगडकाम्यांचा खोकला आणि दमा यांचेही वर्णन आहे. त्यांनी डॉक्टरांना एक साधा सल्ला दिला. रुग्णाला जे प्रश्न आपण नेहमी विचारतो त्यांत आणखी एक घाला: तुम्ही काम काय करता? तीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी गर्दीच्या ओपीडीत नेमका हाच प्रश्न राहून जातो. हे आम्हा डॉक्टरांनी मान्य करायला हवे.

टीबीच्या सावलीत लपलेला आजार

'सिलिकोसिस' हे नाव १८७० मध्ये व्हिस्कोंती या इटालियन डॉक्टरने दिले. पुढे १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू शोधला. हा शोध फार मोठा होता, पण त्याचा एक उलटा परिणामही झाला. खोकला, वजन घटणे, दम लागणे, छातीत डाग, या सगळ्याचे कारण जंतू आहे असे डॉक्टर मानू लागले आणि धुळीचा विचार मागे पडला. कारखानदारांनाही हे सोयीचे होते. जंतू घरातून येतो, दाटीवाटीच्या वस्तीतून येतो, मग कारखान्याचा त्यात काय दोष?

खरे तर दोन्ही आजार हातात हात घालून चालतात. सिलिकाने जखमी झालेल्या फुप्फुसात टीबीचा जंतू सहज घर करतो. म्हणूनच दगडकाम्यांत टीबीचे प्रमाण इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. हे कोडे सुटायला वेळ लागला. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत इतके कामगार मेले की १९११-१२ मध्ये तिथे भरपाईचे कायदे करावे लागले. १९३० मध्ये जोहान्सबर्गला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची परिषद भरली आणि सिलिकोसिस हा सिलिकाच्या धुळीमुळे होणारा स्वतंत्र आजार आहे यावर जगभरच्या तज्ज्ञांचे एकमत झाले. १९३४ मध्ये त्याच संघटनेने भरपाईस पात्र व्यावसायिक आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत सिलिकोसिसचा समावेश केला.

बॅरे गावाने काय केले

आता अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या बॅरे या गावाकडे जाऊ. बॅरेचा करडा ग्रॅनाइट स्मारकांसाठी आणि कबरींच्या दगडांसाठी प्रसिद्ध. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडहून आणि इटलीहून कसबी दगडकामे करणारे तिथे आले. इटालियन कारागिरांपैकी अनेकांचा हात संगमरवरावर बसलेला होता. संगमरवरात क्वार्ट्झ जवळजवळ नसते. ग्रॅनाइटमध्ये ते भरपूर असते. त्यांची कला तीच राहिली, दगड मात्र बदलला.

त्याच सुमारास दोन बदल आणखी झाले. छिन्नी-हातोड्याच्या जागी हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे आली. काम झपाट्याने होऊ लागले, पण धूळही कित्येक पटींनी आणि जास्त बारीक उडू लागली. शिवाय पूर्वी काम उघड्या शेडमध्ये चाले. थंडीतही काम चालू राहावे म्हणून शेड बंद केल्या गेल्या. धुळीला बाहेर जायला वाटच उरली नाही. पाहता पाहता गावातले कारागीर ऐन चाळिशी-पन्नाशीत 'क्षयाने' मरू लागले. बॅरेच्या होप सिमेट्री या दफनभूमीत आजही एका दगडकाम्याच्या कबरीवर पत्नीच्या आधाराने बसलेल्या मरणासन्न माणसाचे शिल्प दिसते. तेही ग्रॅनाइटचेच आहे.

फ्रेडरिक हॉफमन हे आयुर्विमा कंपनीतले आकडेशास्त्रज्ञ. ग्रॅनाइट कामगारांच्या मृत्यूंवरचा त्यांचा अहवाल १९२२ मध्ये सरकारने छापला. त्यानंतर अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने बॅरेत सविस्तर पाहणी केली. तिचा अहवाल १९२९ मध्ये आला. पाहणी करणाऱ्यांनी नुसते कामगार तपासले नाहीत, तर त्यांच्या नाकासमोरची हवा मोजली. हवेची हत्यारे चालवणाऱ्यांसमोर एका घनफुटात सरासरी सुमारे ६ कोटी कण होते आणि त्यांच्यात सिलिकोसिस जवळजवळ सार्वत्रिक होता. ज्यांच्यासमोर ९० लाखांहून कमी कण होते त्यांच्यात गंभीर नुकसान दिसले नाही. म्हणून धूळ ९० लाख ते २ कोटी कणांच्या दरम्यानच्या मर्यादेखाली आणावी अशी शिफारस झाली. दगडाच्या धुळीला आकड्यात बांधण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक.

शिफारशीने लगेच काही बदलले नाही. मालकांना खर्च परवडणारा वाटत नव्हता. कामगार संघटना मात्र मागे लागून राहिली आणि १९३७ च्या सुमारास शेडमध्ये शोषक यंत्रे बसू लागली. प्रत्येक कारागिराच्या हत्याराशेजारी एक जाड नळी आली. धूळ उडाली की नाकापर्यंत पोहोचण्याआधीच ती ओढून घेई. सोबत कामगारांचे नियमित एक्स-रे सुरू झाले. परिणाम काय झाला? त्यानंतर कामाला लागलेल्या पिढीत सिलिकोसिस तुरळक उरला. दगड तोच होता, हत्यारेही तीच होती, आणि औषध तेव्हाही नव्हते.

मला या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. सिलिकोसिसवरचा विजय दवाखान्यात मिळालेला नाही. तो हत्याराच्या टोकाशी मिळाला.

जे मोजलेच गेले नाहीत

बॅरेचे कामगार एका गावात राहत होते, संघटित होते, त्यांचे मृत्यू लोकांना दिसत होते. सगळ्यांचे नशीब असे नसते.

१९३० मध्ये वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट येथे जलविद्युत प्रकल्पासाठी डोंगरातून बोगदा खोदायला सुरुवात झाली. दगड जवळजवळ शुद्ध सिलिकाचा होता. आत खणणाऱ्यांत बहुसंख्य बाहेरून आलेले कृष्णवर्णीय मजूर होते. खणताना पाणी मारले असते तर धूळ बरीच बसली असती, पण काम उरकण्याची घाई होती. काही महिन्यांतच माणसे मरू लागली. आजारी मजूर आपापल्या गावी पांगले, त्यामुळे नेमके किती मेले हे कधीच कळले नाही. १९३६ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे चौकशी झाली तेव्हा ४७६ हा आकडा पुढे आला. पन्नास वर्षांनी मार्टिन चेर्नियाक या डॉक्टरने केलेला अंदाज ७६४ मृत्यूंचा होता. या प्रकरणाने देश हादरला आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक राज्यांनी सिलिकोसिसच्या भरपाईचे कायदे केले.

आपल्याकडची कहाणी

भारतात या आजाराचा पहिला मोठा अभ्यास कोलारच्या सोन्याच्या खाणींत १९४० च्या दशकात झाला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने सिलिकोसिस हा 'कळवण्याचा आजार' ठरवला. म्हणजे असा रुग्ण आढळला तर कारखान्याच्या व्यवस्थापनाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही तो सरकारला कळवायचा. खाणींसाठी वेगळा कायदा १९५२ मध्ये आला. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि हवेतल्या सिलिकाची मर्यादा लिहिली गेली. धुळीत क्वार्ट्झ जितके जास्त, तितकी धूळ कमी चालेल, असे ते सूत्र आहे. हिशोब केला तर एका घनमीटर हवेत साधारण ०.१ मिलिग्रॅम क्वार्ट्झ, इतकी ती मर्यादा येते. अमेरिकेतही १९७१ पासून असेच सूत्र होते. २०१६ मध्ये त्यांनी ही मर्यादा निम्म्यावर, ०.०५ मिलिग्रॅमवर आणली. आठ तासांच्या पाळीत माणूस साधारण १० घनमीटर हवा घेतो. म्हणजे दिवसाला अर्धा मिलिग्रॅम. मिठाचे मोजके कण होतील एवढीच ही धूळ, पण त्याहून जास्त रोज आत जाऊ नये.

कागदावर आपण फार मागे नाही. अडचण दुसरीकडे आहे. १९४८ चा फॅक्टरी कायदा लागू व्हायचा तर विजेवर चालणाऱ्या जागी मूळ तरतुदीप्रमाणे किमान दहा कामगार लागत. गच्चीवर बसून ओटा कापणाऱ्याला कारखाना कुठला? दगडखाणीत मुकादमाच्या हाताखाली उचल घेऊन राबणाऱ्याचे नाव हजेरीपटावर कुठे असते?

मंदसौरचे उदाहरण घ्या. तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी पाटीवर पेन्सिलीने अक्षरे गिरवली असतील. त्या दगडी पेन्सिली मध्य प्रदेशातल्या मंदसौरला बनत. दगड विजेच्या करवतीने कापला जाई. राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथले कामगार तपासले तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत सिलिकोसिस आढळला. त्यात तरुण पुष्कळ होते. १९८२ मध्ये राज्याने या कामगारांसाठी खास कल्याण मंडळाचा कायदा केला.

दुसरे उदाहरण गुजरातमधल्या गोध्रा आणि बालासिनोरचे. तिथल्या कारखान्यांत क्वार्ट्झचा दगड दळून भुकटी केली जाई. कामाला येत ते अलीराजपूर, झाबुआ, धार भागातले आदिवासी मजूर. काही महिने काम करून परतलेली माणसे गावात मरू लागली. हॉक्स नेस्टसारखेच इथेही मजूर एका राज्यात आजारी पडले आणि दुसऱ्या राज्यात मेले. त्यांच्याकडे नोकरीचा कागद नव्हता. गावोगावी फिरून कार्यकर्त्यांनी त्यांची यादी केली आणि २००६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१० मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस केली. २०१६ मध्ये न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना ती रक्कम देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. या सगळ्याला दहा वर्षे लागली.

राजस्थानने मात्र एक वेगळे पाऊल टाकले. वालुकाश्माच्या खाणींमुळे तिथे रुग्ण फार. २०१९ च्या धोरणानुसार कामगार स्वतः नोंदणी करू शकतो, सरकारी डॉक्टरांचे मंडळ तपासणी करून प्रमाणपत्र देते आणि रुग्णाला आर्थिक मदत व पेन्शन मिळते. मालकाचा कागद आणण्याचे ओझे आजारी माणसावर राहत नाही. पण ही मदत फुप्फुस बिघडल्यानंतरची आहे. धूळ उडू न देण्याचे काम अजून बाकीच आहे.

नवा दगड, जुनाच आजार

तुम्ही नवा ओटा बसवायचा विचार करत असाल तर दुकानात तुम्हाला 'क्वार्ट्झ' नावाचा चकचकीत दगड दाखवतील. हा खाणीतून निघालेला अखंड दगड नसतो. क्वार्ट्झची भुकटी आणि राळ एकत्र दाबून तो बनवतात. त्यात सिलिका ९० टक्क्यांहून अधिक असू शकते. तो घरात बसवल्यावर तुम्हाला काही धोका नाही. धोका तो कोरडा कापणाऱ्याला असतो. इस्राएल, स्पेन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथे हे काम करणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या तरुणांना वेगाने वाढणारा सिलिकोसिस झाला. काहींना फुप्फुस प्रत्यारोपण करावे लागले. अखेर १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने हा दगड बनवणे, पुरवणे आणि बसवणे यांवर बंदी घातली. असे करणारा तो पहिला देश.

तुम्ही काय करू शकता

तुम्ही किंवा घरचे कोणी दगडखाण, खडी क्रशर, फरशीकाम, ग्रॅनाइट कटिंग, काचेचे किंवा सिलिका वाळूचे काम करत असाल तर:

१. डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपले काम सांगा. आज दुसरे काम करत असाल तरी पूर्वी काय केले, किती वर्षे केले, तेही सांगा.

२. चढताना दम लागणे, दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकणारा कोरडा खोकला, छातीत जडपणा असेल तर छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री तपासणी करून घ्या. सुरुवातीला काहीच त्रास नसतो, म्हणून त्रास नसतानाही ठरावीक काळाने तपासणी हवी.

३. टीबीची तपासणी जरूर करा. टीबी निघाला तर औषधांचा पूर्ण कोर्स घ्या, मध्येच सोडू नका. पण टीबीचे उपचार पूर्ण होऊनही दम लागतच असेल, किंवा थुंकीत जंतू न सापडता टीबीची औषधे पुन्हा पुन्हा सुरू होत असतील, तर 'हा सिलिकोसिस असू शकेल का?' असे डॉक्टरांना विचारा.

४. दगड कोरडा कापू नका. पाण्याची धार सोडा किंवा धूळ ओढणारे यंत्र जोडलेले कटर वापरा. रुमाल किंवा साधा कापडी मास्क हे बारीक कण अडवत नाही. नीट घट्ट बसणारा एन-९५ मास्क उपयोगी आहे, पण तो पाण्यानंतरचा उपाय, पाण्याऐवजीचा नव्हे. वाळलेली धूळ झाडूने झाडू नका, पुसून घ्या. कामाचे कपडे घरात झटकू नका.

५. बिडी-सिगारेट सोडा. सिलिका आणि तंबाखू मिळून फुप्फुसांच्या कर्करोगाचा धोका आणखी वाढवतात.

६. कामाचे पुरावे जपा. हजेरी कार्ड, मजुरीच्या नोंदी, गेटपास, कामावरचे फोटो, जुने एक्स-रे, काहीही फेकू नका. बांधकामावर फरशीकाम करणाऱ्यांनी राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी. त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो.

आणि तुम्ही ओटा बसवून घेणारे असाल तर? कंत्राटदाराशी दर ठरवताना एक अट घाला: कटिंग पाणी मारूनच होईल. एक बादली, एक नळी आणि थोडा चिखल सहन करण्याची तयारी, एवढेच लागते. तुमच्या गच्चीवर सरकारचा निरीक्षक येणार नाही. तिथे ही अट घालू शकणारे तुम्हीच आहात.